चोपड्याचा पिंगळा: इंडिका की ब्रामा?

प्रकरण तसं छोटं आहे. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावाबाहेर रात्री गाडीचा धक्का लागून एक पिंगळा, म्हणजे गावाच्या आसपास राहणारं छोटं घुबड, रस्त्यावर पडला होता. वनरक्षकाने तो खोक्यात घालून आणला. गुरांच्या डॉक्टरांनी तपासला. हाड मोडलेलं नव्हतं, नुसती गुंगी आली होती. पंचनामा झाला, पक्षी सावरला आणि सुटलाही. वाद झाला तो त्याच्या नावावरून. आधी प्रजातीच्या नावावरून, मग त्याच्याही पोटातल्या उपप्रजातीवरून: उत्तरेकडच्या पिंगळ्याला इंडिका म्हणतात, दक्षिणेकडच्याला ब्रामा, मग हा कोणता? हा दुसरा वाद शेवटी दोन-चार मिलिमीटरवर येऊन ठेपला. तो कुठवर गेला आणि आम्ही काय ठरवलं, ते इथे मांडतो आहे. कारण खानदेशात पक्ष्यांची मापं घेणाऱ्या कोणालाही हा प्रश्न कधी ना कधी पडणारच.

पहिला वाद

खोक्यावरचं फडकं बाजूला केल्याकेल्या वनरक्षकाने विचारलं, "सर, हाऊ रानपिंगळाच शे ना?" तोवर कोणीतरी मोबाइलवर फोटो फिरवलेही होते, 'दुर्मिळ रानपिंगळा सापडला' अशा मथळ्यासह. दुसऱ्या जिल्ह्यात हा प्रश्न हसण्यावारी नेता आला असता, खानदेशात नेता येत नाही. ज्या पक्ष्याला जगाने शंभर वर्षांहून अधिक काळ हरवलेला मानलं, तो नोव्हेंबर 1997 मध्ये पुन्हा दिसला तो इथेच, शहाद्याजवळ. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या तिघा पक्षीअभ्यासकांनी तो पाहिला. त्याआधीची शेवटची खात्रीची नोंद 1884 ची. तीही खानदेशातलीच, जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने गोळा केलेल्या नमुन्याची. पुढे तळोदा-तोरणमाळ भागात आणि यावल अभयारण्यातही रानपिंगळ्याच्या नोंदी झाल्या. म्हणजे चोपड्याच्या डोंगरकडेला सापडलेला पिंगळा रानपिंगळा असूच शकत नाही, असं आधीच ठरवून बसण्यात अर्थ नव्हता. पाहावं लागत होतं.

पाहिलं, आणि एका मिनिटात उलगडा झाला. डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाट पेर, पाठीवरही ठिपके. छातीवर तुटक तपकिरी पट्टे, ते खाली पोटापर्यंत गेलेले. पायाची बोटं बारीक, त्यांवर विरळ राठ केसांसारखी पिसं. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं, ठिपके असले तरी पुसट. छातीचा वरचा भाग सलग तपकिरी, त्याखाली पोट पांढरं. पाय जाडजूड आणि पिसांनी झाकलेले, चोच आणि नखं थोराड. "नाही भाऊ, हा आपला गावातलाच," म्हटल्यावर वनरक्षकाचा चेहरा थोडा उतरला. मग तोच म्हणाला, "जाऊ द्या, जीव तर वाचना."

यात एक गंमत आहे. या दोन वेगळ्या प्रजाती, पण त्यांच्या पंखांची लांबी एकमेकींत मिसळते. रानपिंगळा अंगाने थोराड, 23 सेंटीमीटरच्या आसपास. पिंगळा 21 च्या. तरी पंखावर पट्टी लावून दोघं वेगळे करायला गेलात तर फसाल, कारण रानपिंगळ्याचा पंख देहाच्या मानाने आखूडच असतो. डोकं, चोच, पाय बघायचे, पट्टी नंतर. हे लक्षात असू द्यावं, कारण दुसरा वाद सगळा पट्टीवरच झाला.

दुसरा वाद

आमच्या निसर्गमंडळाची एक नोंदवही आहे. जखमी पक्षी हातात आला की सुटण्याआधी त्याची मापं त्यात चढतात, वनविभागाचा माणूस समोर असताना. पिंगळ्यासारखा साधा पक्षीही 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली येतो. हौस म्हणून पकडून त्याला पट्टी लावणं हा गुन्हा आहे, हे मी दरवर्षी नव्या पोरांना सांगतो. नोंदवहीत 'प्रजाती'च्या शेजारी 'उपप्रजाती' असा रकाना आहे. तो कोणी आखला ते आता कोणालाच आठवत नाही, पण रकाना असला की माणसाला तो भरावासा वाटतो.

एम.एस्सी.च्या एका विद्यार्थ्याने पंख मापला आणि ठामपणे म्हणाला, "सर, 158 मिलिमीटर. मोठा आहे. अथेने ब्रामा इंडिका." मंडळातल्या एका निवृत्त शिक्षकांचं मत उलटं पडलं. खानदेश म्हणजे दख्खनच, आणि दख्खनचा पिंगळा ब्रामा. शिवाय पक्षी त्यांना गडद दिसत होता. शिक्षकांनी स्वतः मापलं तेव्हा आकडा आला 154. वनरक्षकाने साध्या प्लास्टिकच्या पट्टीने मापलं तर 152 भरले. पक्षी एक, पंखही तोच, उजवा. आकडे मात्र तीन.

कोणी थापा मारत नव्हतं. विद्यार्थ्याने पंख पट्टीवर दाबून सपाट केला होता आणि बाजूने ताणून सरळही केला होता, म्हणजे जास्तीत जास्त लांबी घेतली. शिक्षकांनी पंख मिटल्यावर त्याला जो नैसर्गिक बाक असतो तो तसाच ठेवून माप घेतलं. दोन्ही पद्धती जगभर चालतात आणि दोन्ही बरोबर आहेत, फक्त त्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. दाबून, न ताणता घ्यायची तिसरी पद्धतही आहे, तिचा आकडा या दोघांच्या मध्ये पडतो. वनरक्षकाच्या पट्टीचं कारण आणखी साधं. शाळेच्या पट्टीवर शून्याच्या आधी थोडी मोकळी कड असते, आणि पंखाचं मनगट तिथे टेकवलं की तेवढे मिलिमीटर गायब होतात. पक्ष्यांच्या पट्टीला शून्यावर आडवा टेकू असतो तो याचसाठी.

बाकीची मापं तर याहून निसरडी आहेत. पायाची नळी मापायची तर गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या खाचेपासून सुरुवात करायची, पण घुबडांची नळी पिसांत गुरफटलेली असल्यामुळे दुसरं टोक हाताला लागेलच असं नाही. चोचीच्या बुडाशी केसाळ पिसं आणि मऊ मांसल पट्टी असते. ती धरून मापली की सोडून, हे लिहिलं नाही तर आकडा वाया गेला. शेपटी मापताना पट्टी मधल्या दोन पिसांच्या मुळाशी नीट सरकवावी लागते. घाईने केलं तर दोन-तीन मिलिमीटर सहज चुकतात. वजनावर तर मी कधीच विसंबत नाही. पिंगळा भरतो शंभर-सव्वाशे ग्रॅम, आणि त्याच्या पोटात नुकताच गिळलेला उंदीर आहे की उपाशी रात्र, यावर तो आकडा खाली-वर होतो. आमचा पक्षी तर आजारपणातून उठलेला होता.

तेव्हा उरला पंखच. आणि पंखाच्याही गोष्टी असतात. वयाच्या पहिल्या वर्षातल्या पक्ष्याची लांब पिसं प्रौढापेक्षा किंचित आखूड असतात. पिसं जुनी होतात तशी टोकं झिजतात, त्यामुळे पावसाळ्यानंतर पिसं बदललेला पक्षी आणि उन्हाळ्याच्या अखेरीचा पक्षी यांत फरक पडतो. बऱ्याच घुबडांत मादी नरापेक्षा मोठी असते. पिंगळ्यात हा फरक इतका कमी आहे की नुसतं पाहून नर-मादी सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. आमच्या पक्ष्याच्या बाबतीत नर की मादी तेही माहीत नव्हतं, आणि वयाबद्दल 'प्रौढ असावा' एवढंच म्हणता येत होतं.

ही दोन नावं आली कुठून

ब्रामा हे नाव टेमिंक या डच पक्षीशास्त्रज्ञाने 1821 मध्ये दिलं, दक्षिण भारतातल्या, पाँडिचेरीकडच्या पक्ष्यावरून. त्यानंतर दहा वर्षांनी, 1831 मध्ये, जेम्स फ्रँकलिनने कोलकाता ते बनारस गंगाकाठ आणि तिथून पुढे मंडल्यापर्यंतचे विंध्याचे डोंगर इथे गोळा केलेल्या पक्ष्यांची यादी छापली, तिच्यात इंडिका आला. (हा फ्रँकलिन म्हणजे उत्तर ध्रुवाकडे जाऊन जहाजांसह नाहीसा झालेल्या सर जॉन फ्रँकलिनचा भाऊ. घरात दोघांनाही नकाशाच्या कडेला जायची खोड दिसते.) म्हणजे एक नाव तमिळ किनाऱ्यावरचं, दुसरं गंगेच्या खोऱ्यातलं. मधला हजार-दीड हजार किलोमीटरचा मुलूख दोन्ही नावांना उपरा आहे. खानदेश त्याच मधल्या मुलखात येतो.

पुढच्या पिढ्यांनी दोन्ही टोकांचे नमुने शेजारी ठेवले. उत्तरेकडचा पिंगळा सरासरीने मोठा आणि फिका, दक्षिणेकडचा लहान आणि गडद. यामागची कारणं जुनी आणि बऱ्यापैकी पटणारी आहेत. थंड प्रदेशातले उष्णरक्ताचे प्राणी अंगाने मोठे असतात, असा नियम जर्मन शास्त्रज्ञ बर्गमानने 1847 मध्ये मांडला. मोठ्या देहाला वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी, म्हणून उष्णता कमी निसटते. पंजाबातल्या जानेवारीच्या रात्री काढणाऱ्या पिंगळ्याला ते सोयीचं, तमिळनाडूतल्याला त्याची गरज नाही. रंगाचंही तसंच. दमट हवेत पिसं गडद, कोरड्या हवेत फिकी, हे ग्लोगरने 1833 मध्ये नोंदवलं होतं.

मग दोन टोकांच्या मध्ये रेघ कुठे मारायची? हस्तपुस्तिकांनी ती साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर मारली. वर इंडिका, खाली ब्रामा. नकाशा काढून बसलात तर ही रेघ नाशिक शहरातून आणि वेरूळच्या लगतून जाते. चाळीसगाव तिच्या उत्तरेला जेमतेम पन्नास किलोमीटर, धुळे आणि जळगाव शंभरेक, चोपडा त्याहून थोडं पुढे. म्हणजे पुस्तकाप्रमाणे सगळा खानदेश इंडिकाचा. विद्यार्थ्याची बाजू इथे भक्कम होती, आणि त्याने तसं सुनावलंही.

माझी अडचण त्या रेघेशीच आहे. अजिंठा-सातमाळाचे डोंगर हे पिंगळ्याला कसलं आडकाठी घालणार? तो दाट जंगलाचा पक्षी नाही, गावाचा आहे. शेताच्या बांधावरचं लिंब, पडक्या वाड्याची भिंत, आंब्याची ढोली, रस्त्यावरच्या दिव्याखाली जमणारे किडे एवढ्यावर त्याचा संसार चालतो. औट्रम घाटाच्या वर कन्नडला गाव आहे, खाली चाळीसगावला गाव आहे, आणि मधल्या वाडी-वस्तीवरही पिंगळे आहेत. एका ढोलीतली पिल्लं पुढच्या गावात, त्यांची पिल्लं त्याच्याही पुढच्या. अशी साखळी दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत कुठेच तुटत नाही. अशा पक्ष्यात आकार पायरीने बदलत नाही, उताराने बदलतो. उताराच्या दोन टोकांना दोन नावं देणं सोपं आहे, मधल्या बिंदूला एक नाव चिकटवणं ही जबरदस्ती आहे.

निवृत्त शिक्षकांचा 'दख्खन' हा युक्तिवाद मला त्याहूनही कमकुवत वाटला. दख्खन ही भूगोलाची आणि इतिहासाची गोष्ट झाली. तापीचं खोरं पठाराच्या कडेखाली, पश्चिमेकडे उघडणारं. उन्हाळ्यात पारा 45 च्या घरात जातो आणि हवा कोरडी असते. ग्लोगरच्या नियमाने इथला पक्षी फिका हवा. त्यांना तो गडद दिसला याचं अर्धं श्रेय मला तरी दवाखान्यातल्या ट्यूबलाइटला द्यावंसं वाटतं.

गणित

मतं बाजूला ठेवायची तर उपप्रजातींसाठी एक जुना निकष आहे. डीन अ‍ॅमाडन यांनी 1949 मध्ये त्याची नीट मांडणी केली, आणि तो 75 टक्क्यांचा नियम म्हणून ओळखला जातो. एका टोळीतले किमान 75 टक्के पक्षी दुसऱ्या टोळीतल्या जवळजवळ सगळ्यांपासून वेगळे ओळखता आले, तरच त्यांना वेगळं नाव द्यावं. अर्न्स्ट मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 च्या पाठ्यपुस्तकात त्यासाठी सोपा भागाकार दिला. दोन्ही सरासरींतला फरक घ्यायचा आणि त्याला दोन्हीकडच्या प्रमाण विचलनांच्या (मापं सरासरीभोवती किती पसरली आहेत ते सांगणाऱ्या आकड्यांच्या) बेरजेने भागायचं. उत्तर 1.28 च्या वर गेलं तर नाव देण्यात दम आहे.

विद्यार्थ्याला हे फळ्यावर करून दाखवलं. आकडे मी केवळ गणित समजावं म्हणून धरले होते. समजा उत्तरेकडची सरासरी 160 मिलिमीटर, दक्षिणेकडची 153. दोन्हीकडे विचलन 4. फरक 7, बेरीज 8, भागाकार 0.875. म्हणजे 1.28 च्या बराच खाली. सरासरी सात मिलिमीटरने वेगळी असूनही मधले पक्षी दोन्हीकडे बसतात. 1.28 गाठायला याच विचलनात फरक दहाच्या वर जायला हवा. आता यात आमचा पक्षी टाका. विद्यार्थ्याचे 158 धरले तर तो उत्तरेच्या सरासरीजवळ, शिक्षकांचे 154 धरले तर दक्षिणेच्या. पक्ष्याने काहीच केलेलं नाही. पंख दाबला की नाही एवढ्यावर त्याचा प्रांत बदलला.

विद्यार्थी थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग सर, पुस्तकातली मापं कोणत्या पद्धतीची?" हा प्रश्न त्याने मापायच्या आधी विचारला असता तर मला जास्त आवडलं असतं, पण विचारला हे बरं झालं. जुनी मापं बहुतेक संग्रहालयातल्या सुकवलेल्या कातड्यांवरची आहेत. सुकताना सांधे आणि कातडी आकसतात, पंख टक्का-दोन टक्क्यांनी आखूड होतो. दीडशे मिलिमीटरच्या पंखात म्हणजे दोन-तीन मिलिमीटर. जिवंत पिंगळ्याचा ताणलेला पंख सुकलेल्या कातडीच्या आकड्याशी ताडून पाहिला, तर जिवंत पक्षी उगाचच 'मोठा' ठरतो. आणि मोठा म्हणजे इंडिका. खानदेशात आणि त्याच्या आसपास हातात येणारे बरेच पक्षी असेच इंडिका ठरत असावेत, असा माझा दाट संशय आहे.

कातड्यांबद्दल बोलतोच आहोत तर चिठ्ठीबद्दलही बोलायला हवं. मापाची किंमत तो नमुना कुठला, यावर ठरते, आणि ते सांगते फक्त पायाला बांधलेली चिठ्ठी. रानपिंगळ्याचे जगभरच्या संग्रहालयांत मिळून सातच जुने नमुने होते. त्यातला एक कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेनने 1914 मध्ये तापीकाठच्या मांडवीला मिळवल्याचं सांगितलं होतं. लोक तिकडे शोधत राहिले आणि पक्षी सापडेना. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा उघड झालं की तो मुळात डेव्हिडसनचा, संग्रहालयातून चोरून, आतला भुसा बदलून आणि नवी चिठ्ठी लावून परत आणलेला. 1999 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आपल्या खानदेशातून गेलेला पक्षी कित्येक वर्षं गुजरातचा म्हणून मिरवत होता. अशा एका चिठ्ठीने पंखाची लांबी बदलत नाही, पण 'अमुक ठिकाणचा पक्षी एवढा मोठा' या वाक्यातला अर्धा भाग खोटा होतो.

मापं कुचकामी आहेत असं यातून कोणी काढू नये. शृंगी घुबडाचं उदाहरण घ्या, जे तापीच्या काठच्या दरडींमध्ये आणि सातपुड्याच्या कड्यांवर आपल्यालाही दिसतं. ते बराच काळ युरोप-आशियाभर पसरलेल्या थोर शृंगी घुबडाची उपप्रजाती मानलं जात होतं. आपलं भरतं किलो-दीड किलोच्या आसपास, तर सैबेरियातल्या मादीचं वजन तीन-चार किलोपर्यंत जातं. तिथे कोणी पंख दाबला की ताणला याने काही बिघडत नाही. त्यात आवाजाचा आणि जनुकांचा पुरावा जुळला, आणि आज ती वेगळी प्रजाती मानली जाते. रानपिंगळ्याच्या बाबतीत उलटं झालं. थोराड डोकं-पाय बघून त्याला स्वतंत्र वंशाचं नाव दिलं होतं, पण 2018 मधल्या डीएनए अभ्यासाने तो पिंगळ्याच्याच गोतात बसवला.

नोंदवहीत काय लिहिलं

पक्षी सोडायच्या आधी आम्ही पुन्हा एकदा मापं घेतली, या वेळी एकाच माणसाच्या हाताने आणि टेकूच्या पट्टीने. नैसर्गिक बाक ठेवून 154, दाबून 156, दाबून आणि ताणून 158. तिन्ही आकडे लिहिले, आणि प्रत्येकापुढे पद्धत. कोणता पंख, पिसांची झीज, झडलेली किंवा वाढत असलेली पिसं आहेत का, मापणारा कोण, जागा कोणती हेही. जिथे मेलेले पिंगळे सापडतात तिथे पिसाचा नमुना वनविभागामार्फत जपावा, असंही सुचवलं, कारण नर की मादी हे पिसाच्या मुळातल्या डीएनएवरून कळू शकतं, आणि ते कळल्याशिवाय पंखांची सरासरी काढण्यात फारसं हशील नाही.

उपप्रजातीच्या रकान्यावर शेवटची खडाजंगी झाली. विद्यार्थी म्हणाला, अक्षांशाप्रमाणे इंडिका लिहू. शिक्षक म्हणाले, मग प्रश्नचिन्ह तरी टाका. मी दोन्हीला नकार दिला. आज आपण अक्षांश बघून इंडिका लिहिणार, आणि उद्या कोणी आपलीच वही उघडून 'खानदेशातले सगळे पिंगळे इंडिका आहेत' असा निष्कर्ष काढणार. तो निष्कर्ष पक्ष्यावरून नव्हे, आपण मारलेल्या रेघेवरून निघालेला असेल. रकाना रिकामा ठेवला. जुन्या नोंदींमध्ये जिथे पद्धत लिहिलेली नाही तिथली उपप्रजातीची नावंही आता खोडली जाताहेत. विद्यार्थ्यालाच ते काम दिलं आहे. मधूनमधून फोन करून तो विचारतो, "सर, हे 1990 च्या आधीचे कोणी मापले होते?" आणि ते सांगू शकतील असे एकटे निवृत्त शिक्षकच आहेत, त्यामुळे दोघांचं पुन्हा बोलणं सुरू झालं आहे.